शिडीवाले शामभाऊ

निवडणूक आली की आम्हा छापखानेवाल्यांना बरे दिवस येतात. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, शाई तीच आणि यंत्रही तेच. लकडगंजातल्या माझ्या छापखान्यात एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या उमेदवारांची पोस्टरं एकाच दोरीवर शेजारी शेजारी वाळत असत. रोज असा देखावा पाहणाऱ्या माणसाचं पुढाऱ्यांबद्दल मत फारसं चांगलं राहत नाही. माझंही नव्हतं, आणि आजही नाही. पण शामराव उमरेडकरांची आठवण आली की मला आधी राग येतो, आणि मग तो राग नेमका कोणावर काढावा ते कळत नाही.

सगळं पूर्व नागपूर त्यांना शामभाऊ म्हणायचं. लाकडाच्या एका वखारीत ते मापाडी होते. ओंडके मोजायचे, त्यांवर खडूने खूण करायची, माप वहीत टिपायचं, हे काम त्यांनी तरुणपणापासून केलेलं. त्यामुळे कानामागे पेन्सिल ठेवायची सवय लागली ती आमदार झाल्यावरही सुटली नाही. अंगाने उंच, जरा वाकलेले, आणि आवाज असा की तिसऱ्या रांगेतल्या माणसाने शेजाऱ्याला विचारावं, काय म्हणाले? जाहीर सभेत ते उभे राहिले की कार्यकर्ते देवाचा धावा करत. दोन वाक्यं बोलून झाली की ते लोकांनाच विचारत, "बरं, तुमी सांगा, का चालू हाय?" आणि मग सभेची पार गप्पांची बैठक होऊन जाई.

लाकूड चिरायच्या आरामशिनींच्या मागे, नाल्याच्या काठाने एक वस्ती होती. तिथल्या चुलींत आणि शेगड्यांत लाकडाचा भुसा जळायचा, म्हणून तिचं नाव भुशावस्ती. पुरुष ओंडके वाहायचे, बाया मिरचीच्या आडतीत देठं खुडायला जायच्या. निम्मी घरं बौद्धांची, बाकीची भिवापूर-उमरेडकडून पोटासाठी आलेल्यांची. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. ज्या जमिनीवर झोपडी उभी होती तिचा पट्टा कोणाकडेच नव्हता. कोणीही उद्या येऊन उठा म्हणावं आणि यांनी उठावं, अशी परिस्थिती. शामभाऊंचं राजकारण इथून सुरू झालं आणि इथेच संपलं.

सदुसष्टच्या निवडणुकीत ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. काखेत सागवानी फळीचा एक तुकडा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर शिडी कोरलेली होती, चांगली हातभर.

"पोस्टर छापायचं हाय, प्रेसवाले."

"मजकूर?"

"मजकूर नाही. हेच."

"अहो, निदान नाव तरी टाका. लोकांना कळायला नको, कोण उभं आहे?"

"नाव वाचनार कोन गा?" ते म्हणाले. "निवडनुकीच्या सायबानं चिन्ह म्हनून सिंह देतो म्हनलं, घोडा देतो म्हनलं. मी म्हनलं, शिडी द्या. सिंह कोनाले काढता येते? शिडी तं पोट्टंबी कोळशानं काढते."

आयुष्यभर अक्षरं जुळवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? मी मुकाट्याने शिडी छापली. निवडणुकीच्या कागदावर मुद्रकाचं नाव असावंच लागतं, म्हणून खाली बारीक अक्षरांत माझं आणि माझ्या प्रेसचं नाव आलं. सगळ्या पोस्टरवर अक्षरं तेवढीच. परिणाम असा झाला, की वाचता येणाऱ्या अर्ध्या नागपूरची समजूत झाली की मीच उभा आहे. नरखेडहून माझा मेहुणा संत्र्यांची पेटी घेऊन मला आशीर्वाद द्यायला आला. संत्री शामभाऊंनीच जास्त खाल्ली.

पण हा माणूस वेडा नव्हता, हे मला पोस्टरांचा गठ्ठा पोचवायला भुशावस्तीत गेलो तेव्हा कळलं. एका झोपडीच्या ओट्यावर ते बसले होते, समोर दहाबारा बाया. जमिनीवर कोळशाने चित्रं काढलेली, एकाखाली एक. हातात भेंडीचं कापलेलं देठ, आणि वाटीत कालवलेलं कुंकू. मतपत्रिका आणि शिक्का, दोन्ही तयार. समोरच्या बायांमध्ये सारजाबाई नावाची एक पन्नाशीची बाई होती. काळीसावळी, कपाळ रुंद, मिरची खुडून बोटं फुगलेली. ती वस्तीतल्या बायांची म्होरकी. ती म्हणेल ती पूर्वदिशा.

"सांग वं सारजामाय, शिक्का कुठी मारशीन?"

"शिडीवर."

"अन् कोनी येऊन सांगतलं का शामभाऊ बसला, आता दुसऱ्याले द्या, तं?"

"शिडीवर."

"अन् मीच आलो. हात जोडले अन् म्हनलं, बाई, शिडी सोड. तं?"

सारजाबाई अडली. इकडेतिकडे पाहायला लागली.

"तरी शिडीवर!" शामभाऊ म्हणाले. "समजून जायचं, का याले कोनी तरी धमकावलं. तोंड माहं असन, पन बोलनं माहं नसन. मी सोता आलो तरी आयकजो नोको."

बाया खो खो हसल्या. मीही हसलो. पण त्यात गंमत कमी आणि धास्ती जास्त होती. त्याआधी महानगरपालिकेच्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी कोणीतरी आवई उठवली होती, की वस्तीचा उमेदवार बसला, त्याने दुसऱ्याला पाठिंबा दिला. वस्तीने भाबडेपणाने त्या दुसऱ्याला मतं दिली आणि आपलाच माणूस पाडला. तो माणूस म्हणजे शामभाऊंचा मोठा भाऊ. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे शामभाऊंनी मनाशी पक्कं केलं होतं.

ते निवडून आले. पाच वर्षांनी पुन्हा आले. तोवर भुशावस्तीत पोरं जमिनीवर चौकटी आखून जिभल्या खेळताना शिडी काढत, आणि दिवाळीच्या रांगोळीत कमळाशेजारी शिडी असे.

आमदार म्हणून त्यांची एक खोड कार्यकर्त्यांना फार छळायची. पुढाऱ्याने कामाला नाही म्हणायचं नसतं, 'पाहू' म्हणायचं असतं, हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक आहे. शामभाऊ तोंडावर 'होत नाही' म्हणत. कोणाच्या पोराला नोकरी हवी, कोणाला बदली. शामभाऊ ऐकून घेत, कानामागची पेन्सिल काढून डोकं खाजवत आणि म्हणत, "होत नाही गा हे. दुसरं काही असन तं सांग." माणूस चडफडत जायचा, पण पुन्हा खेटे घालायची पाळी त्याच्यावर येत नसे.

दर हिवाळ्यात सरकार मुंबईहून नागपुरात येतं आणि अधिवेशन भरतं. मग रोज मोर्चे. एका वर्षी भुशावस्तीचा मोर्चा निघाला, पट्ट्यांसाठी. शामभाऊ सगळ्यांत पुढे, सारजाबाईच्या बरोबरीने चालत पोलिसांच्या अडसरापर्यंत गेले. तिथे बायांना बसवलं, खिशातून पास काढून दाखवला आणि आत सभागृहात गेले. आत त्यांनी पट्ट्यांचाच प्रश्न विचारला. दुपारी उन्हात पुन्हा बाहेर आले. सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"का म्हनले गा भाऊ?"

"विचाराधीन हाय म्हनले."

"म्हनजे?"

"म्हनजे नाही."

शेजारी उभा असलेला एक कार्यकर्ता त्यांच्या कानाशी लागला, की भाऊ, जरा गोड बोला, बाया नाराज होतील. शामभाऊ त्याच्यावर उखडले. "गोड बोलून का घर होते? उद्या त्याइले कामावर जायचं हाय. आस लावून बसवू काय इथी?" बाया घरी गेल्या. सारजाबाई जाताना म्हणाली, "हा आपला मानूस खोटं तं बोलत नाही, बाप्पा."

दुसऱ्या खेपेची मुदत संपत आली तेव्हा वस्तीवर खरंच संकट आलं. नाल्याच्या काठाने रस्ता काढायचा आणि उरलेल्या जागेवर लाकडाचा बाजार वाढवायचा, असा बेत शिजत होता. एका बड्या टिंबर मर्चंटचा त्या जागेवर कधीचा डोळा होता. शामभाऊ मुंबईला खेटे घालून थकले. शेवटी सरकारातल्या एका वजनदार माणसाने त्यांना रोखठोक सांगितलं, एकट्या अपक्षासाठी आम्ही हे का करावं? आमच्या पक्षात या, आमच्या तिकिटावर निवडून या, पट्टे करून देतो.

त्या दिवसांत ते माझ्या छापखान्यात येऊन कागदाच्या रिमांवर नुसते बसून राहत. दोन वेळा चहा व्हायचा.

"प्रेसवाले," एकदा ते म्हणाले, "तुमी असते तं का केलं असतं?"

"शामभाऊ, अपक्ष उभे राहिलात तर डोळे मिटून निवडून याल. कशाला त्या लोकांच्या नादी लागता?"

"निवडून येईन ना. दोनदा आलोच तं. भेटलं का त्याइले?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माहं का हाय? मले घर हाय, घराचा कागद हाय. त्याइच्या बुडाखाली जमीन नाही गा."

ते पक्षात गेले. तो पक्ष कोणता ते मी सांगत नाही; सगळेच माझे गिऱ्हाईक होते. पक्षात गेले म्हणजे चिन्हही पक्षाचं घ्यावं लागलं. शिडी मोकळी झाली. आणि मोकळी झाल्याबरोबर त्या टिंबर मर्चंटने आपल्या साळ्याला अपक्ष म्हणून उभं केलं आणि त्याच्यासाठी शिडी मागून घेतली.

तो साळा मी एकदाच पाहिला. पान खाऊन ओठ रंगलेला, गरीब चेहऱ्याचा माणूस होता. त्याला सांगितलेलं काम एकच, घरी बसायचं. त्याने सभा घेतली नाही, पत्रक छापलं नाही, वस्तीत पाऊल ठेवलं नाही. त्याचा प्रचार शामभाऊंनी दहा वर्षं करून ठेवलेला होता.

शामभाऊंना धोका पहिल्याच दिवशी कळला. ते पक्षाच्या जीपमधून वस्तीत गेले, बरोबर पक्षाने दिलेली दोन माणसं, आणि हातात नवं चिन्ह छापलेली पोस्टरं. मी त्यांच्या मागे सायकलवर होतो. सारजाबाईच्या ओट्यासमोर जीप थांबली.

"सारजामाय, आता शिडी नाही. हे पाहा, आता हे आपलं चिन्ह. यावर शिक्का मारायचा."

सारजाबाईने पोस्टर पाहिलं. मग जीपमधल्या अनोळखी माणसांकडे पाहिलं. मग शामभाऊंकडे पाहून हसली आणि पदर सावरत म्हणाली, "बरं बरं. यावरच मारतो."

माणसं पुढच्या घराकडे वळली तशी ती शामभाऊंच्या जवळ सरकली आणि हळूच विचारलं, "पास झाली ना मी?"

शामभाऊंचा चेहरा मला अजून दिसतो. हातातली पोस्टरं त्यांनी जीपमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी ते जीप सोडून एकटे, पायी गेले. प्रत्येक दारात हात जोडले. मेलेल्या आईची शपथ घेतली. जितकं कळवळून सांगावं तितकी बायांची खात्री पटायची, की बिचाऱ्यावर जबरदस्ती चालली आहे. "डोयात पानी हाय त्याच्या," बाया एकमेकींना सांगायच्या, "लय तरास देऊन राहिले त्याले." वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी आपापल्या आयांना समजावून पाहिलं. आयांनी त्यांना झापलं, की तुमी विकल्या गेले. मग शामभाऊंनी बादली आणि फडकं घेतलं आणि भिंतींवरच्या शिड्या पुसायला सुरुवात केली. आमदार माणूस, धोतराचा सोगा खोचून, आपलीच निशाणी घासून काढतोय! संध्याकाळपर्यंत त्यांनी एक गल्ली साफ केली. सकाळी जाऊन पाहतो तर गल्लीभर नव्या शिड्या. एका म्हातारीने तर लेकराला खांद्यावर बसवून शामभाऊंचा हात पोचणार नाही इतक्या उंच काढून घेतली होती.

मी म्हणालो, "भाऊ, त्या सगळ्यांना एकत्र बसवून नीट सांगा, की मी पक्ष का बदलला."

"सांगतलं ना," ते म्हणाले. "पट्ट्यासाठी गेलो म्हनून सांगतलं. तं म्हनते, हेबी त्याइनंच शिकवलं असन तुले. मीच सांगून ठेवलं गा प्रेसवाले, का मी आलो तरी आयकू नोको. आता कोन्या तोंडानं सांगू, का आयका?"

मतदानाला भुशावस्ती नटूनथटून गेली. निकाल लागला तेव्हा शिडीने शामभाऊंचीच मतं खाल्ली होती, आणि दोघांच्या मधून तिसराच निवडून आला. त्याला या वस्तीचं नावही धड माहीत नव्हतं. टिंबर मर्चंटच्या साळ्याची अनामत तेवढी वाचली. असा सन्मान होईल असं त्यालाही वाटलं नसावं.

भुशावस्तीला मात्र यातलं काही उमगलं नाही. आपण शिडीवर शिक्के मारले, आपल्या पेटीत शिडीच शिडी निघाली, आपण आपलं काम चोख केलं. मग शामभाऊ पडले कसे? बाकी नागपूरने दगा दिला असेल. पण दोन पावसाळे गेले, आणि एका सकाळी बुलडोझर आला तेव्हा तिथल्या लोकांना दुसरं उत्तर सापडलं. घरं पडली, पत्रे वाकले. सगळ्यांना ट्रकमध्ये भरून शहराबाहेरच्या एका माळावर नेऊन सोडलं. तिथे विहीर नव्हती, झाड नव्हतं, आणि मिरचीच्या आडतीला जायला बसही नव्हती.

दोनचार दिवसांनी सारजाबाई पाचसहा बाया घेऊन शामभाऊंच्या घरी आली. मी तिथेच होतो. ती ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"आमचं का चुकलं गा?" ती म्हणाली. "तू म्हनलं शिडी, आमी शिडी. तिनदा शिक्का मारला. एकबी मत इकडचं तिकडं नाही झालं. अन् तू? तू त्या जीपवाल्याइच्या मांडीवर जाऊन बसला. तुले आमी आपला म्हनत होतो. तू विकल्या गेला."

माझ्या अंगाची लाही झाली. मी उठून म्हणालो, "सारजाबाई, जरा ऐका. तिसऱ्या खेपेला ती शिडी—"

शामभाऊंनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की मी कळवळलो.

"हो माय," ते सारजाबाईला म्हणाले. "तुमचं काईच चुकलं नाही. माहं चुकलं. मीच गेलो त्याइच्याकडे."

"काहून गेला?"

आत त्यांच्या बायकोने पदर तोंडात कोंबला होता. सारजाबाई थोडा वेळ उत्तराची वाट पाहत थांबली, मग त्यांच्या अंगणात थुंकली आणि निघून गेली.

ती गेल्यावर मी शामभाऊंशी भांडलो. आयुष्यात कोणाशी भांडलो नाही एवढा. म्हटलं, ज्यांच्यासाठी तुम्ही सगळं घालवलं त्यांच्या शिव्या खाता? खरं एकदा सांगून का टाकत नाही?

"का सांगू?" ते म्हणाले. "का बाई, तूच आपल्या हातानं आपलं घर पाडलं? प्रेसवाले, त्या बायाइले जन्मात कोनी काही विचारलं नाही. बापानं नाही, नवऱ्यानं नाही, मालकानं नाही. शिक्का हाती आला तवा पहिल्यांदा वाटलं, का आपल्या हातानं बी काही होते. आता त्याइले सांगू का हातच चुकला? पुना जातीन काय त्या मत द्याले?"

"आणि तुमचं काय?"

"मले का होते? एका मानसाले शिव्या भेटल्या तं दुनिया बुडत नाही."

मला हे तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. त्या बायांना खरं कळायचा हक्क होता, असं मला वाटतं. पण मी ते कधी त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क शामभाऊंचा होता, असंही मला वाटतं. या दोन वाटण्यांमध्ये माझी इतकी वर्षं गेली.

पक्षाने त्यांना पुन्हा तिकीट दिलं नाही. ते वखारीत मापाडी म्हणून परत गेले. माजी आमदार ओंडके मोजतो म्हणून लोक पाहायला यायचे, काही दिवसांनी यायचे थांबले. भुशावस्तीचे जे मजूर तिथे कामाला होते ते त्यांच्याशी कामापुरतं बोलत. चहा वेगळा पीत. शामभाऊ झपाट्याने म्हातारे झाले.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी. माळावर गेलेल्या लोकांची नावं अजून जुन्याच यादीत होती, त्यामुळे त्यांचं केंद्र नाल्याजवळची शाळाच. पक्षांच्या जीपा आणि टेम्पो भरभरून माणसं आणत होते. आम्ही मत देऊन शाळेसमोरच्या निंबाखाली उभे होतो. शामभाऊंना घरी जायची घाई दिसत नव्हती. ते रस्त्याकडे पाहत होते.

दुपारी उन्हं चढल्यावर सारजाबाई आली. हातात काठी, पाय धुळीने पांढरे झालेले. एका जीपवाल्याने तिला फाटकाशी गाठून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तिने काठी उचलून त्याला बाजूला केलं. निंबाजवळ आली तेव्हा तिला शामभाऊ दिसले.

"आली काय वं माय?" ते म्हणाले.

"आली. पन तुले नाही देनार."

"मी उभाच नाही."

"असता तरी नाही."

ती रांगेत जाऊन उभी राहिली. आत गेली आणि बऱ्याच वेळाने बोटाची शाई वाळवत बाहेर आली. आमच्याकडे न पाहता आली तशी काठी टेकत निघाली. शामभाऊ तिच्या पाठीकडे पाहत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मला मोकळा दिसला.

"पाहा," ते म्हणाले, "इतक्या दुरून चालत आली. कोनी आनली नाही तिले."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "या वेळी शिक्का कशावर मारला असेल हो तिने?"

शामभाऊ एकदम माझ्यावर खेकसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ते तिचं हाय," ते म्हणाले. "तुमाले का करायचं?"